बैठकीच्या खोलीला हळद लागली

“अजून पिवळा!” मी खालून ओरडले.

“अगं, वाळल्यावर दिसेल की,” मामा शिडीवरून म्हणाला. त्याच्या भुवईला पिवडीची पिवळी पूड लागली होती आणि चुन्याचा एक ओघळ नाकावरून मिशीकडं निघाला होता.

“वाळल्यावर फिका पडतो चुन्यातला रंग. देशमाने मॅडमनी शिकवलंय. आत्ता गडदच दिसला पाहिजे.”

“बरं बाई. तू म्हणशील तसं.”

तेव्हा कोल्हापुरातला गृहसजावटीचा कोर्स संपवून मला जेमतेम महिना झाला होता. घर आवरायला कोर्स कशाला लागतो, असं माझ्या आईचं मत होतं आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. माझ्याकडं सर्टिफिकेट होतं, मापाची टेप होती, उत्साह तर पोत्यानं होता. फक्त गिऱ्हाईक नव्हतं. ते पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझा सख्खा मामा, भालचंद्र. कराडात टायपिंगचा क्लास चालवणारा, चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा.

मामात काही खोट नव्हती. सरळ माणूस, हसरा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. खोट होती ती घरात. माझे आजोबा, म्हणजे अण्णा, रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि निवृत्तीनंतर ते आणि मामा असे दोघंच त्या घरात राहायचे. बैठकीच्या खोलीत चारी भिंतींना पाठ लावून खुर्च्या मांडलेल्या होत्या. मधे नुसती फरशी. वर ट्यूबलाइट. भिंतींचा मूळ रंग कोणता होता ते कुणालाच सांगता आलं नसतं. मुलीकडचे लोक यायचे, भिंतीला टेकून बसायचे, समोरच्या भिंतीला टेकून बसलेल्या अण्णांशी मोठ्यानं दोन वाक्यं बोलायचे आणि मग सगळेच गप्प व्हायचे. चहा संपला की उठायचे. वडूजचे एक गृहस्थ तर जाताना अण्णांचा हात हातात घेऊन “काळजी घ्या” म्हणून गेले होते. लग्नाचं बोलायला आलेला माणूस असं कधी म्हणतो का?

पण आता मामाला ठिकाणं बघायची नव्हती. त्याचं ठिकाण त्यानं शोधलं होतं.

तिचं नाव सरोज पाटणकर. मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची. कसल्याशा खात्याच्या परीक्षेसाठी ती टायपिंग शिकायला आली आणि मामानं तिला खिडकीजवळचं, सगळ्यात चांगलं मशीन दिलं. पुढं परीक्षा झाली, ती पासही झाली, तरी ती क्लासला येतच राहिली. मग एकदा मामानं धीर करून विचारलं. ती म्हणाली, “माणूस मी बघितलाय. आता घर बघते. आवडलं तर सांगेन, नाही आवडलं तरी सांगेन. पण माझ्या उत्तराआधी कुठं वाच्यता झाली, तर नाही समजा.”

हे ती उगाच म्हणाली नव्हती. आधी एका ठिकाणी तिनं हो म्हणायच्या आतच त्या लोकांनी पत्रिका छापून वाटल्या होत्या. तिनं त्या पत्रिकांच्या पाठीवर मुलींच्या कबड्डीच्या संघांची नावं लिहिली आणि सरळ ‘नाही’ कळवून टाकलं.

“ती नाही म्हणाली तर मी काय करू गं वैजू?” मामानं मला विचारलं होतं. हसत विचारलं, पण त्याचे डोळे हसत नव्हते. “मला दुसरी कुणी नकोच आहे.”

म्हणून मी कंबर कसली. ती येणार होती रविवारी संध्याकाळी. आईनं सत्यनारायणाचं निमित्त काढून अण्णांना साताऱ्याला बोलावून घेतलं, शनिवारी सकाळी ते एसटीत बसले, आणि एसटी वळणाआड जायच्या आत मी सगळ्या खुर्च्या अंगणात काढल्या होत्या.

देशमाने मॅडमचे नियम मला पाठ होते. खोलीत उजेड वरून ओतायचा नाही, बाजूनं ठेवायचा. बसलेल्या माणसाचा हात शेजारच्याच्या कपापर्यंत पोचला पाहिजे, मग गप्पा आपोआप होतात. आत येणाऱ्याची नजर कुठं टेकेल ते आपण ठरवायचं, नाहीतर ती कोळिष्टकावर टेकते. रंग ऊबदार. कापड मऊ. आणि दाराशी काहीतरी हिरवं.

रंग ऊबदार म्हणजे फिकट जर्दाळूसारखा, असं माझं ठरलं होतं. चुन्यात पिवडी किती घालायची ते मी मामाला सांगितलं आणि वाळल्यावर फिका पडतो म्हणून दुप्पट घाल, असंही बजावलं. मामा पिवडी आणायला गेला तेव्हा दुकानदारानंही त्याला तेच सांगितलं. मग मामानं दुकानदाराच्या हिशोबानं दुप्पट केली, माझ्या हिशोबानं ती पुन्हा दुप्पट केली, आणि तो शिडीवर चढल्यावर मीही बादलीकडं बघून एक ओंजळ टाकली.

शनिवारी संध्याकाळी रंग ओला होता आणि आम्ही दोघं खुशीत होतो. मामा रंगाच्या हातानंच भेळ आणायला गेला. मी आईच्या ट्रंकेतून आणलेल्या साड्यांचे पडदे करत बसले. एक अंजिरी, एक डाळिंबी, एक मोरपंखी, सगळ्यांना जरीचे काठ. दारात लावल्यावर इतके सुरेख दिसायला लागले की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

सकाळी उठून बघते तर भिंती वाळल्या होत्या आणि फिक्याबिक्या काही पडल्या नव्हत्या. अख्खी खोली हळदीला बसल्यासारखी पिवळीधमक झाली होती. खिडकीतून ऊन आत आलं आणि मामाचं तोंडही पिवळं दिसायला लागलं.

“जर्दाळू असं असतं होय?” मामानं विचारलं.

“विशिष्ट जातीचं असतं,” मी म्हणाले. आता मागं फिरायला वेळ नव्हता. “तू जा आणि दाराशी लावायला काहीतरी हिरवं घेऊन ये. उंच आण. दोन्ही बाजूंना एकेक.”

मी मनात कुंड्या धरल्या होत्या. मामा मळ्यातून केळीचे दोन खुंट घेऊन आला. चांगले पुरुषभर उंच, पानं हलतायत, आणि ते त्यानं दाराच्या दोन्ही अंगांना सुतळीनं घट्ट बांधून टाकले.

आता खरं सांगते, मी त्याकडं बघितलं आणि मला ते आवडलं. कोर्स करून आलेल्या माणसाला केळ दिसत नाही, उंची आणि पोत दिसतो. मी दोन पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून बघितलं आणि “वा मामा!” म्हणाले.

आमच्या शेजारणीनं, डुबलकाकूंनी, कोर्स केलेला नव्हता. त्या कुंपणावरून डोकावल्या. दसरा नाही, दिवाळी नाही, यात्रा नाही, आणि घराला रंग. तोही हळदीचा. दारात जरीच्या साड्या, चौकटीला केळीचे खुंट. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“अगं माझ्या बाई! लगीन निघालं आणि शेजारच्या घराला पत्ता न्हाई?”

“नाही हो काकू, तसं काही नाही,” मी म्हणाले.

“तसं न्हाई तर मग कसं? केळी काय माकडांसाठी बांधल्या व्हय?” त्या आत गेल्या आणि वाटीभर साखर घेऊन आल्या. मी तोंड उघडून पुढचं काही सांगणार, तोच त्यांनी त्यात चिमूटभर साखर घातली. साखर तोंडात असताना माणसाला नीट नकार देता येत नाही.

पुढचं सगळं फार भराभर झालं. काकूंनी त्यांच्या जावेला हाक मारली. जावेनं पलीकडच्या घराला. दुपारचं जेवण होईतो आमच्या बैठकीच्या खोलीत बायका जमल्या होत्या. लग्नघर उघडलं तर पहिला पापड आपण लाटायचा, असा काकूंचा मान होता म्हणे. त्या उडदाचं भिजवलेलं पीठ आणि पोळपाट-लाटणं घेऊनच आल्या. मी मांडलेल्या खुर्च्या एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या की बसलेली बाई उठायचं नावच घेत नव्हती. एकीचा हात दुसरीच्या कपापर्यंत पोचत होता, गप्पा आपोआप होत होत्या, आणि मी दाराशी उभी राहून एका डोळ्यानं कौतुकानं बघत होते आणि दुसऱ्यानं रडायच्या बेतात होते.

“घालव यांना,” मामा माझ्या कानाशी कुजबुजला. “ती यायची वेळ झाली. वैजू, तिनं हे बघितलं तर संपलं सगळं.”

“तू सांग. तुझं घर आहे.”

“मी कसं सांगू? काकूंनी मला लहानपणी आंघोळी घातल्यात.”

तेवढ्यात बापू बँडवाले सायकल टेकवून आत आले. “मास्तर, तारीख तेवढी सांगा. दोन पार्ट्या मागं लागल्यात माझ्या. पण तुमच्यासाठी मोडतो एक.” मामा त्यांना खांद्याला धरून बाहेर नेऊ लागला, तर बापू त्याला मिठी मारून म्हणाले, “लाजू नका, उशिरा का होईना जमलं!” आणि त्यांच्या मागून, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन, कासारीण मावशी. तिला कुणी बोलावलं ते आजतागायत कळलेलं नाही. आमच्या गल्लीत बातमीला पाय नसायचे, थेट पंख असायचे.

मामानं केळीच्या खुंटांची सुतळी सोडायला घेतली. गाठी त्यानंच मारलेल्या, टायपिंगवाल्याच्या बोटांनी, त्या सुटेनात. मी दातानं तोडायला वाकले आणि वाकल्या वाकल्या मला अंगणात पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले.

सरोज आली होती. निळी साडी, वेणी घट्ट, पाठ ताठ. तिनं केळीच्या खुंटाकडं बघितलं, मग सुतळी तोंडात धरलेल्या माझ्याकडं, मग मामाकडं.

“या ना,” मामा म्हणाला. आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले.

ती उंबऱ्यावर आली आणि आतल्या पिवळ्या उजेडात, साड्यांच्या पडद्यांतून, सगळ्या बायकांची तोंडं तिच्याकडं वळली. कासारीण मावशी सगळ्यात चपळ. तिनं पुढं होऊन सरोजचा हातच धरला.

“या नवरीबाई! बसा. आधी माप द्या हाताचं.”

सरोजनं हात सोडवून घेतला. हळूच सोडवला, पण मावशीची बोटं कशी उघडली ते मावशीलाही कळलं नसेल.

“नवरीबाई?” ती म्हणाली. खोलीत पापड लाटायचा आवाज बंद पडला. “सर, तारीखही ठरली का?”

मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. मामाकडं मी बघूच शकत नव्हते. पण तो पुढं आला. पोराटोरांशीही हळू आवाजात बोलणारा माझा मामा, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडलाच.

“कुणी बांगड्या भरू नका! कुणी पापड लाटू नका! लग्न ठरलेलं नाही. या बाईंनी मला हो म्हटलेलं नाही!”

“अरे भालू...” डुबलकाकू म्हणाल्या.

“काकू, तुमच्या पाया पडतो, मला बोलू द्या. या फक्त घर बघायला आल्यात. ‘नाही’ म्हणायला त्या मोकळ्या आहेत, आणि त्या नाही म्हणाल्या तर उद्या गल्लीत कुणी त्यांना एका शब्दानं बोलायचं नाही. मी फक्त घर जरा बरं दिसावं म्हणून रंग दिला. केळी बांधल्या ती माझी चूक. पिवळा रंग ही भाचीची चूक.”

“अर्धी!” मी म्हणाले. “पिवडी तूच दुप्पट केलीस!”

कुणीतरी हसलं आणि लगेच पदर तोंडात कोंबला. सरोज हसली नाही. ती मामाकडं बघत होती. मामा घामाघूम झाला होता आणि कपाळावरचा पिवळा रंग घामाबरोबर खाली उतरत होता.

“माझ्यासाठी कधी कुणी असं ओरडलं नव्हतं,” ती म्हणाली. “घर बघू का मी?”

बायकांनी पाय आवरून वाट करून दिली. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याची उंची बघितली, मागचं दार उघडून पेरूच्या झाडाकडं बघितलं. मी तिच्या मागं मागं. मी ट्यूबलाइट काढून कोपऱ्यात ठेवलेला दिवा, मऊ गाद्या, सगळं भडाभडा सांगत होते, आणि ती पीटीच्या बाई जशा रांग तपासतात तशी एकेक वस्तू बघून पुढं सरकत होती. बाहेरच्या खोलीत मामा भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याचा शर्ट पाठीमागून पिवळा झाला.

आम्ही बैठकीत परत आलो तेव्हा अंगणातून पावलं ऐकू आली. पळत आल्यासारखी. दारातली साडी बाजूला झाली आणि अण्णा आत आले. ते दुसऱ्या दिवशी यायचे होते. पण स्टेशनमास्तरला पूजा आटोपली की मुक्काम नको वाटतो. दुपारचीच एसटी धरून ते आले होते. टोपी हातात, श्वास लागलेला.

“भालू कुठाय?” त्यांनी विचारलं.

“इथंच आहे अण्णा.”

मामाला बघितल्यावर ते चौकटीला धरून उभे राहिले. “गल्लीच्या तोंडावरून दारात माणसं दिसली. पळतच आलो रे. म्हटलं, तुला काही झालं.”

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला आणि मग पहिल्यांदा खोलीकडं बघितलं. रंगावरून त्यांची नजर खुर्च्यांवर गेली.

“खुर्च्या कुणी हलवल्या?”

“मी,” मी म्हणाले. “अण्णा, चिडू नका. भिंतीला लावल्यावर माणसं लांब पडतात...”

“चिडत नाही गं.” त्यांनी जवळच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “तुझी आजी गेली ना, तेव्हा लावल्या होत्या भिंतीशी. लोक भेटायला यायचे. मधे खाली बसायला जागा लागायची. तेरा दिवस माणसं येत होती. मग यायची थांबली. खुर्च्या परत मधे घ्या, असं कुणी म्हणालंच नाही. मलाही सुचलं नाही.”

मी तेव्हा शाळेत होते. त्या खुर्च्यांची दुसरी मांडणी मला आठवतच नव्हती, मामाही ती विसरून गेला असावा. तो अण्णांकडं बघत उभा होता. इतकी वर्षं त्या घरात येणारा प्रत्येक माणूस भेटायलाच आल्यासारखा का बसायचा, ते मला तेव्हा समजलं. डुबलकाकूंनी डोळ्याला पदर लावला. त्यांच्या हाताला पीठ होतं, ते डोळ्याला लागलं, आणि त्या “अगं आई गं” म्हणत उठल्या, तर जावेनं त्यांच्या डोळ्यात फुंकर मारायला तोंड पुढं केलं आणि दोघींची डोकी आपटली. अण्णांच्या ओठांचा कोपरा जरा हलला.

“बसा ना अण्णा,” सरोज म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. “तुम्ही कोण?”

“मी घर बघायला आलेय.”

“मग बघितलंत का?”

“बघितलं.”

अण्णा बसले. सगळ्यांनी श्वास धरला होता. मामानं तर डोळेच मिटून घेतले होते. सरोजनं समोरची लाकडी खुर्ची एका हातानं उचलली, दोन बायकांच्या डोक्यावरून नेली आणि मागच्या दारात, पेरूच्या झाडाकडं तोंड करून ठेवली. माझी सगळी मांडणी विस्कटली.

“राहू दे, राहू दे, मी ठेवतो जागेवर,” मामा डोळे उघडून धावला.

“भालू,” अण्णा म्हणाले, “हात लावू नकोस.” आणि तिला विचारलं, “तिथं का हो?”

“इथं वारा येतो. शाळेतून आल्यावर मी इथं बसत जाईन,” सरोज म्हणाली.

पापडाचं लाटणं कुणाच्या तरी हातातून पडून फरशीवर गडगडत गेलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

“रोज?” मामानं विचारलं.

“रविवारी नाही. रविवारी माहेरी जाईन. तेवढं सोडून रोज.”

मामानं बोटांवर वार मोजले.

“कुणाच्या माहेरी?” त्यानं विचारलं.

आणि अण्णा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांनी टोपीनं तोंड झाकलं तरी आवाज येतच राहिला, आणि सगळी खोली हसून दमली तरी त्यांचं आपलं चालूच होतं.